भिंतीकडे बघणारी सासू

"पुरे," मातू म्हणाली. "मीट ते पुस्तक."

पवित्रन थांबला नाही. चौथा अंक चालला होता. राजमाता पोटच्या पोराच्या प्रेताशी बोलत होती, आणि अशा जागी थांबणं त्याच्या लेखी भरल्या ताटावरून माणसाला उठवण्याइतकं पाप होतं. त्यानं उलट आवाज चढवला.

"अरे मीट म्हणते ना! मेलेल्याशीच बोलतेय ती, उद्याही बोलेल. मेलेला काय उठून बस पकडणार आहे?"

"मातूएडत्ती, हा नाटकाचा कळस आहे." एडत्ती म्हणजे थोरली बहीण; पवित्रन तिला तसंच म्हणायचा.

"असू दे कळस. कळस थांबतो. सीरियल थांबत नाही."

आत स्वयंपाकघरात मातूची सून प्रसीता मासे साफ करत होती. ती फिसकन हसली. पवित्रननं चष्म्यावरून आत बघितलं, पण तुच्छतेनं बघायला समोर निव्वळ पाठ होती.

"ऐक," मातू म्हणाली. "उद्यापासून हिला हॉस्पिटलच्या कँटीनात संध्याकाळची पाळी लागलीय. आजवर सीरियल बघून ही मला सांगायची. उद्यापासून साडेसहाला यायचं आणि तू सांगायचं."

"मी?"

"का? जीभ झिजेल?"

"कंपनीत दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे कान लावून बसायची, एडत्ती. जगातली नाटकं वाचली मी. आणि आता त्या पावडर फासलेल्या बाया काय करतात ते सांगत बसू?"

"नको सांगूस. मग चारला वाचायलाही येऊ नकोस. मी शेजारच्या अंबुजाक्षीच्या ओसरीवर जाऊन बसेन. तिला बोलायला आवडतं, आणि ती मला गाढव समजत नाही."

पवित्रननं पुस्तक मिटलं. घरी जाताना त्यानं सीरियल बनवणारे, बघणारे, त्यात मध्येमध्ये साबण विकणारे अशा सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण साडेसहाला येणार नाही असं काही तो म्हणाला नव्हता. म्हणूच शकत नव्हता.

कारण साधं होतं. त्याचं वाचन ऐकणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं.

कण्णूरच्या बाजूला विड्यांच्या कंपन्या जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. शंभर-दोनशे माणसं मांडीवर सूप घेऊन रांगेत बसायची, टेंभुर्णीची पानं कातरायची, विड्या वळायची. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून त्यांच्यातल्याच एकानं वाचायचं आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी मिळून वळायच्या, अशी रीत होती. सकाळी पेपर, दुपारी पुस्तक. कुठलं पुस्तक, ते हात वर करून ठरायचं. साहित्य पोसायची याच्याइतकी सरळ रीत दुसरी कुठं असेल तर दाखवा. अनुदान नाही, पुरस्कार नाही, शाल नाही. कंटाळा आला की सुपावरून एक मान वर व्हायची आणि म्हणायची, "पुढचं घे रे." लेखक कितीका थोर असेना, त्याचं प्रकरण तिथंच संपायचं.

पवित्रन सहावीत शाळा सोडून कंपनीत लागला. वळायला भिकार होता. त्याची विडी ओढणाऱ्याच्या ओठावर सुटायची. पण आवाज असा की लोक जेवणाची सुट्टी झालेली विसरायचे. त्याला वाचायला बसवलं आणि तो उठलाच नाही. मातू अगदी पुढच्या चटईवर बसायची, आणि त्याच्या वाट्यातल्या सगळ्यात जास्त विड्या तीच वळायची.

मग लोकांनी विडी सोडली. कंपनीच्या शेडमध्ये आता टाइल्सचं दुकान आहे. मातूचे डोळे साखरेनं खाल्ले. आणि पवित्रन? हा गृहस्थ जन्मभर थोरामोठ्यांची भाषा तोंडात घोळवत आल्यामुळे त्याला साध्या माणसाचं बोलणं म्हणजे भांड्यांचा आवाज वाटायला लागला होता. बायको गेली. मुलगा बहारीनला; फोनवर दुसऱ्या वाक्याला "बरं, ठेवू?" म्हणायचा. गावच्या वाचनशाळेत महिन्याला काव्यवाचन व्हायचं, तिथं पवित्रन पहिल्या रांगेत बसे आणि प्रत्येकाची सालं काढे. हल्लीचा कवी म्हणजे त्याच्या मते सकाळी पोट साफ झालं तरी फोनवर चार ओळी टाकणारा प्राणी. एकदा वेलायुधन नावाच्या निवृत्त सब-रजिस्ट्रारनं आई, चंद्र आणि नदी यांच्यावर एक लांबलचक कविता वाचली. पवित्रन उठून उभा राहिला.

"साहेब, खरेदीखत उत्तम झालंय. चारी हद्दी व्यवस्थित लिहिल्यात. फक्त मध्ये जमीन नाही."

लोक हसले. वेलायुधन लालबुंद झाला.

"तुम्ही आयुष्यात एक ओळ तरी लिहिलीय का हो? स्वतःची? दुसऱ्यांचं उष्टं वाढणारा माणूस तुम्ही. पातेलं लोकांचं, पळी तुमची."

या वेळी लोक जास्त हसले. पवित्रन तेव्हापासून वाचनशाळेत गेला नाही आणि या, असं त्याला कुणी म्हटलंही नाही. तो मातूकडे जायला लागला. ती आंधळी होती, तिला एकटीला कुठं उठून जाता येत नव्हतं. श्रोता म्हणून ही मोठीच सोय.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत असा बसला, जसा काही दात काढायला आलाय.

सीरियल सुरू झाली. नाव तीन शब्दांचं, तिन्ही शब्द सोनाराच्या दुकानातले. एक भलं मोठं घर, त्यात झोपतानाही गळाभर दागिने घालणारी सासू, आणि कायम ओल्या डोळ्यांची सून. मुलगा विमान पडून बेपत्ता. एवढं बोलून झालं आणि मग धडाड् धडाड् असं संगीत वाजलं.

"काय झालं?" मातूनं विचारलं.

"काही नाही. बघतेय."

"कोण?"

"सासू."

"कुणाकडे?"

"भिंतीकडे."

संगीत पुन्हा वाजलं.

"आता?"

"अजून बघतेय."

"भिंतीकडेच?"

"भिंत तीच. सासू आता डाव्या बाजूनं दाखवतायत."

"अरे पण तोंड कसं झालंय तिचं?"

"एडत्ती, तिचं तोंड म्हणजे कुंभारानं रंगवून वाळत ठेवलेलं मडकं. त्यात काय असायचंय?"

मातू म्हणाली, "काल प्रसीतानं काय सांगितलं माहितीय? म्हणाली, अम्मा, ती अशी बघतेय, जसं घराला कुलूप लावून माणूस बसमध्ये बसतं आणि मग आठवत नाही, लावलं की नाही."

पवित्रननं पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"मला लगेच दिसलं बघ. भांडी घासणारी पोरगी, तिला तोंड वाचता येतं. आणि तू एवढा वाचणारा! छापलेलं समोर नसलं की मुका."

असा अपमान त्याचा वेलायुधननंही केला नव्हता. घरी जाऊन त्यानं कालचं मत्ती माशाचं कालवण गरम केलं आणि न जेवताच झाकून ठेवलं. कुलूप लावलं की नाही! ही उपमा कँटीनातल्या बाईला सुचते, आणि आपल्याला मडकं सुचतं. मडक्यात काय आहे? राग आहे, बाकी शून्य.

पुढच्या संध्याकाळी तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि बघू लागला. सीरियल म्हणजे खरं तर बोलणं थोडं आणि बघत राहणंच फार. बनवणाऱ्यांना लिहिता येत नाही, म्हणून ते तोंडं दाखवतात. एका माणसाला एक वाक्य ऐकायला आठ तोंडांची फेरी. या मोकळ्या जागा बघून पवित्रनला विडीचं रिकामं पान आठवलं. तंबाखू घातल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

"सासू जिन्यावर उभी आहे," तो हळूच म्हणाला. "खाली सून दिवा लावतेय. सासूला वाटतंय, हिचा हात माझ्यासारखाच कापतो. मग वाटतंय, माझा कापायचा तेव्हा कुणी बघत नव्हतं."

मातूनं मान वळवली. "पुढं?"

"पुढं धडाड् धडाड्."

"तो ढोल बंद कर रे. तू बोल."

त्यानं आवाज बंद केला. तिथून सगळं बिघडलं, किंवा सुरू झालं, काय म्हणायचं ते म्हणा.

आवाज बंद म्हटल्यावर त्या बाया काय बोलतात त्याचाही धरबंध उरला नाही. पहिले काही दिवस पवित्रन ओठांवरून अंदाजानं सांगत होता. पण त्यांचं बोलणं असं टाकाऊ, की ते पुन्हा उच्चारायची त्याला लाज वाटे. मग तो स्वतःचं घालायला लागला. एका आठवड्यात त्यानं बेपत्ता मुलगा मारून टाकला. सीरियलमध्ये तो प्लास्टिक सर्जरी करून नवीन तोंडानं परत यायचा होता. पवित्रनच्या गोष्टीत तो मेला तो मेला. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, फक्त सासू म्हणते, येईल. म्हणून सुनेनं रोज दिवा लावायचा आणि वाट बघायची.

अंबुजाक्षी एकदा साखर मागायला आली ती दारातच बसली. दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघी आल्या. घरी टीव्ही असलेल्या या बाया आपला बोलता टीव्ही सोडून इथं मुका टीव्ही बघायला यायच्या.

"पवित्रेट्टा, आज काय करणार ती?" आल्या आल्या अंबुजाक्षी विचारायची. एट्टा म्हणजे त्यांच्याकडे दादा.

"मला काय माहीत? टीव्हीला विचार."

"टीव्हीला काय अक्कल आहे? तुम्ही सांगा."

पवित्रनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वरवर तो म्हणे, गाढवांपुढे गीता वाचतोय. पण संध्याकाळी निघताना कमरेचा मुंडू धुतलेला असे, दाढी केलेली असे. एके दिवशी कुंपणापाशी छत्री धरून वेलायुधन उभा दिसला. पाऊस नव्हता.

"काय साहेब, हद्दी मोजताय?" पवित्रननं खिडकीतून विचारलं.

"मासेवाल्याची वाट बघतोय," वेलायुधन म्हणाला, आणि मासेवाला येऊन गेल्यावरही वाट बघत राहिला.

त्याच सुमाराला एक गोष्ट घडली. प्रसीताचा भाऊ आला. प्रसीताचा नवरा, म्हणजे मातूचा मुलगा सजीवन, चार वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला. मूल नव्हतं. पय्यन्नूरला एक लेथवाला होता, विधुर, निर्व्यसनी. त्याचं स्थळ घेऊन हा भाऊ वर्षभर खेटे घालत होता. तो आला की मातूला चक्कर यायची. या वेळीही आली. पवित्रन समोर बसलेला असताना भावानं नुसतं "अम्मा, त्या लेथवाल्यानं पुन्हा विचारलंय," एवढं म्हटलं, आणि मातूनं छातीला हात लावून डोकं मागे टाकलं.

"सजीवन गेला तेव्हापासून असं होतं मला," ती क्षीण आवाजात म्हणाली. "प्रसीता, गोळी दे गं."

प्रसीतानं गोळी दिली. भावाला म्हणाली, "तू जा. मी काय अम्माला अशी टाकून येणार आहे का?" भाऊ चहा न घेता गेला. तो फाटकाबाहेर पडला तशी मातू उठून बसली आणि म्हणाली, "सहा वाजले का रे?"

पवित्रनला हसू आलं. काय नटी आहे म्हातारी! टीव्हीवरच्या बायांना पगार मिळतो, ही फुकट करते. त्यानं त्याहून जास्त विचार केला नाही. त्याला सासवा-सुनांचं भलं करायचं नव्हतं, समाज सुधारायचा नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की आपल्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा आपलं स्वतःचं काहीतरी निघतंय, आणि ते चांगलं निघतंय. त्या धुंदीत त्यानं त्या संध्याकाळचं खोटं दुखणं उचललं आणि आपल्या सासूला दिलं. तिला तो दागिन्यांतून बाहेर काढून मोठी करत होता, राजमातेच्या तोडीची. जे हाताला लागेल ते तिच्यात घालत होता.

मग ती संध्याकाळ आली. पडद्यावर सासूनं दुधाच्या पेल्यात विषाची पुडी रिकामी केली आणि सुनेच्या खोलीकडे निघाली. ओसरी भरली होती. कँटीनची सुट्टी असल्यामुळे प्रसीताही घरात होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"दूध साधंच आहे," पवित्रन म्हणाला. "त्यात काही नाही. विष कुठं आहे ते सासूला आज कळलंय. ती दाराशी थांबलीय. आत पोरगी केस विंचरतेय. सासू तिला म्हणतेय..."

पडद्यावर धडाड् धडाड् चाललं असणार. दागिने घातलेलं तोंड मोठं होत होतं. पवित्रननं त्या तोंडाकडे बघितलं आणि तो कुठल्याही पुस्तकात नसलेलं बोलू लागला.

"म्हणतेय, पोरी, तो येणार नाही. मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. आई आहे मी, मला नाही कळणार? पण तू गेलीस तर या घरात मी आणि माझा श्वास एवढंच उरेल, याची भीती वाटली. त्या भीतीला मी माया म्हटलं. आजारी पडले, खोटं खोटं पडले. तुझ्या हातचं पाणी गोड लागावं म्हणून ताप आणला. तू माझ्यापाशी वाट बघत बसलीस ती त्याची नव्हे गं. माझ्या मरणाची वाट बघायला लावली मी तुला. आणि मी मरेना. ऊठ. केस नंतर विंचर."

अंबुजाक्षीनं पदर तोंडाला लावला होता. पडद्यावर साबणाची जाहिरात सुरू झाली. एक बाई फेसात नाचत होती.

"बंद कर टीव्ही," मातू म्हणाली.

बाया उठून गेल्या. पवित्रन दारात आला तेव्हा कुंपणापाशी वेलायुधन होता. त्यानं फक्त छत्री मिटली. एवढी दाद पवित्रनला पुरली. तो रस्त्याच्या मधून चालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चारला पुस्तक घेऊन तो आला तेव्हा मातू ओसरीवर एकटी बसली होती, आणि ट्रंक बाहेर काढलेली होती.

"बस," ती म्हणाली. "मी कूर्गला जातेय. धाकट्या बहिणीची मुलगी आहे तिथं, कॉफीच्या मळ्यात. ती कधीची ये म्हणतेय. प्रसीताच्या भावाला मी सकाळीच फोन लावून घेतला, स्थळ पक्कं कर म्हणून. लेथवाला हो म्हणाला."

पवित्रनला आधी काही कळेना. मग ट्रंकेकडे बघितलं आणि कळलं.

"एडत्ती, पण... तू हे कशावरून..."

"तुझ्या त्या बाईवरून. दुसरं कशावरून?"

"सीरियलमध्ये तसं काही नाही!" तो जवळजवळ ओरडला. "ते मी घातलं होतं. आपल्या मनचं. सीरियलमधली सासू तर..."

"तिनं दुधात विष घातलं, काल प्रसीतानं दारातून बघितलं. माहितीय मला. एरवी कँटीनात टीव्ही असतो, प्रसीता मला रात्री खरं काय झालं ते सांगते. पहिल्या दिवसापासून."

"तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे, डोकं नाही. तुझी सासू बरी निघाली. जरा जास्त बोलते, पण बरी निघाली."

पवित्रननं पुस्तक मांडीवर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"एडत्ती, ती गोष्ट होती. गोष्टीपायी कुणी घर मोडतं का?"

मातू त्याच्याकडे वळली. डोळे कुठंतरी त्याच्या खांद्यापलीकडे लागले होते, पण तोंडावरची तुच्छता अचूक त्याच्यावर येऊन पडली.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

तो ट्रंकेची कडी चाळवू लागला.

"आमची बोटं झिजायची, पाठी मोडायच्या, तंबाखूनं छाती भरायची, आणि तू समोर बसून बोंबलायचास. वाचून माणूस बदलतो! वाचून माणूस बदलतो! तुझ्या वाटणीच्या विड्या वळता वळता ऐकलं ते. आज एक बाई बदलली तर तुझीच तंतरली?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. तुला वाटत होतं बदलायचं ते दुसरं कुणीतरी. लांब कुठंतरी. रशियात."

पवित्रनला हसावंसं वाटलं नाही. तो बराच वेळ मिटलेल्या पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. प्रश्न एकच होता आणि तो विचारायला त्याला कुठलीच थोर भाषा सापडत नव्हती.

"तू गेल्यावर मी कुणाला वाचू?"

"मला काय माहीत? अंबुजाक्षी आहे."

"अंबुजाक्षी!"

"बघ. म्हणून कुणी उरलं नाही तुला." मग ती म्हणाली, "कूर्गमध्ये टीव्ही आहे म्हणे. पण कन्नड."

"राजमातेचा पाचवा अंक राहिलाय," पवित्रन म्हणाला.

"काय होतं त्यात?"

"सगळे मरतात."

"मग राहू दे."

जीप रविवारी सकाळी आली. बहिणीच्या मुलीनं पाठवलेली, चिखलानं माखलेली, मागे रिकामी पोती. ड्रायव्हर कूर्गचा, त्याला घाई. ट्रंक मागे गेली, औषधांची पिशवी मातूच्या मांडीवर. प्रसीताच्या भावानं तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. शेजारच्या बाया कुंपणाला लागून उभ्या होत्या आणि रीतीप्रमाणे डोळे पुसत होत्या. अंबुजाक्षी सगळ्यात जास्त, कारण तिला ते जमायचं. वेलायुधन कोपऱ्यावरून हात हलवून निघून गेला.

प्रसीता फाटकाशी उभी होती. ती मघाशी पाया पडली होती, काही बोलली नव्हती, आणि आताही बोलत नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

"पवित्रा," मातूनं हाक मारली. "इकडे ये."

तो जीपच्या दाराशी गेला.

"ती कुठंय?"

"फाटकाशी."

"तोंड कसं आहे तिचं? खरं सांग. तुझं काही घालू नकोस."

पवित्रन वळला. प्रसीताला त्यानं चार वर्षं या घरात ये-जा करताना पाहिलं होतं, पण कधी बघितलं नव्हतं. आता त्यानं बघितलं. ती रडत नव्हती. डोळे कोरडे होते, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. म्हणून ती मान खाली घालायला जायची आणि परत वर करायची. वाटेवरच्या दगडी चौथऱ्यावर डोक्यावरचा भारा उतरवला की बाई जशी उभी राहते तशी ती मानेला हात लावून उभी होती. मान मोकळी झालेली असते, पण अजून विश्वास बसत नाही. हे सगळं जसंच्या तसं मातूला सांगावं की नाही, असा प्रश्न त्याला पडला. जन्मभर त्यानं दुसऱ्याच्या लिहिण्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, आणि गेल्या दोन महिन्यांत एक शब्द खरा सांगितला नव्हता.

"रडत नाहीये," तो म्हणाला. "भारा उतरवलेल्या बाईसारखी उभी आहे. मानेला हात लावून बघतेय."

मातूनं ऐकलं. मग ती खुद्कन हसली, किंवा खोकली असेल, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

"नीट सांगितलंस," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या दिशेनं हात हलवला. "चल रे बाबा."

जीप निघाली. बाया फाटकात पुढे आल्या, प्रसीता दोन पावलं मागोमाग गेली आणि थांबली. पवित्रन रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. काचेतून मातूचं डोकं मागून दिसत होतं, पांढऱ्या केसांचा सैल अंबाडा, त्याखाली वाळलेली मान. वळणावर जीप वाकडी झाली तेव्हा तिचा गाल क्षणभर दिसला असता, पण मध्ये ड्रायव्हरचा खांदा आला.

त्याच्या लक्षात आलं की तिनं प्रसीताकडे बघायला सांगितलं आणि तो तिकडेच बघत राहिला. जाताना मातूचं तोंड कसं होतं, ते कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

"पवित्रेट्टा," मागून अंबुजाक्षी म्हणाली, "उन्हात काय उभे? चहा ठेवलाय, या."

तो वळला नाही. जीप गेली त्या वळणाकडे तसाच बघत राहिला. अंबुजाक्षीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि चहा उतू जाईल म्हणून ती आत गेली.